पाणी काढलेली भाजी

ड्रायव्हर घरी आले की आधी जेवतात आणि मग बूट काढतात, असं वहिनी सगळ्यांना सांगायच्या. हे अर्थात खोटं होतं. वहिनींच्या स्वयंपाकघरात बूट घालून शिरायची कुणाची टाप नव्हती. पण खोट्यात थोडं खरंही होतं. लांब पल्ल्याची बस चालवणारा हा माणूस वाटेत कुठे जेवायचा नाही. थांब्यावर प्रवासी उतरून हॉटेलात ताव मारायचे, कंडक्टर दोनदा हाका मारायचा, आणि हे आपले चहाचा कप घेऊन बसच्या पायरीवर बसायचे. भूक राखून ठेवायचे. घरचा जिना चढताना नाक वर करायचे आणि दार उघडायच्या आत ओरडायचे, "मेथी! आणि वरणाला आज लसूण!" सहसा चुकायचे नाहीत.

डेपोतल्या माणसांनी त्यांच्या बायकोला वहिनी म्हणायला सुरुवात केली, मग बिल्डिंग म्हणायला लागली, पुढे भाजीवालासुद्धा. "तुमच्या हाताला चव आहे हो," असं कुणी म्हटलं की त्या म्हणायच्या, "तसं असतं तर बोटंच चोखली असती, गॅस कशाला पेटवला असता?" नवराबायकोला एकमेकांशी गोड बोलता येत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती सवय लागली नाही. ते खातं स्वयंपाकघराकडे होतं. भांडण झालं की ताटात दोन दिवस दुधी यायचा. समेट झाला की बटाट्याची कोरडी भाजी यायची, कडेला कुरकुरीत झालेली, आणि ड्रायव्हर समजायचे की आता बोलायला हरकत नाही.

पाय सुजले तेव्हा दोघांनाही वाटलं, बसून बसून सुजले असतील. मग सकाळी तोंड सुजायला लागलं. जिना चढताना धाप लागायला लागली. तरी ड्रायव्हर बस नेत होते. शेवटी एका फेरीत त्यांनी भर रस्त्यात गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, आणि कंडक्टरला म्हणाले, "मला पुढचं नीट दिसत नाहीये रे." तिथून ते थेट हॉस्पिटलातच गेले. दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. एक दिवसाआड डायलिसिस करावं लागेल, डॉक्टर म्हणाले.

हॉस्पिटलात आहार सांगायला एक बाई होत्या. वयाने लहान, वहिनींच्या लेकीएवढ्या, आणि बोलायला मऊ. त्यांनी वहिनींना समोर बसवून समजावलं. मीठ बंद. लोणचं, पापड अर्थात बंद. टोमॅटो, बटाटा, पालेभाज्या, केळी, मोसंबी बंद. डाळ अगदी मोजकी. पाणी मोजून. आणि ज्या भाज्या चालतील त्या चिरायच्या, भरपूर पाण्यात भिजत ठेवायच्या, ते पाणी फेकायचं, मग दुसऱ्या पाण्यात उकळायच्या, तेही पाणी फेकायचं.

"मग भाजीत उरलं काय?" वहिनींनी विचारलं.

"तेच तर हवंय आपल्याला, मावशी. भाजीतले क्षार त्यांना बाधतात. ते काढून टाकायचे."

"म्हणजे स्वयंपाक नाही, धुणं आहे हे."

बाई हसल्या. वहिनीही हसल्या, कारण तेव्हा अजून हसता येत होतं. मग बाई म्हणाल्या, "एक अडचण आहे. त्यांना प्रोटीन तर हवंच, डायलिसिसमध्ये ते बरंच जातं. डाळीतून पुरेसं देता येणार नाही. अंड्याचा पांढरा भाग चालेल का तुमच्यात?"

"आमच्यात नाही चालत," ड्रायव्हर दारातून म्हणाले. ते मशीनवरून उठून तिथवर आले होते, दंडाला पट्टी गुंडाळलेली.

"विचार करा," बाई म्हणाल्या.

वहिनींनी विचार केला. घरी येताना रिक्षातही केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून पदराखाली लपवून अंडी आणली, जशी काही चोरून आणली असावीत. घरातलं भांडं वापरवेना, म्हणून जुनं पातेलं माळ्यावरून काढलं. गॅसवर ठेवायला जीव धजेना, म्हणून ठमीची, म्हणजे लेकीची, विजेची शेगडी गॅलरीत नेली. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून तिला सगळे ठमी म्हणायचे. आता ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि काटकुळी झाली होती. ठमी म्हणाली, "आई, मी करते." वहिनी म्हणाल्या, "तू उभी राहा नुसती." अंडी उकळली. सोलताना वहिनींनी नाकाला पदर लावला, पिवळं वेगळं काढताना दोनदा तोंड फिरवलं, आणि पांढरं बारीक चिरून, वर जिरं-मिरी घालून, पांढऱ्या वाटीत नवऱ्यासमोर ठेवलं.

ड्रायव्हर वाटीकडे बघत राहिले. "हे तू केलंस?"

"खा."

"तू हात लावलास याला?"

"अहो, खा म्हणते ना. औषध समजा."

त्यांनी एक घास तोंडात घातला आणि गिळलाही. पण मग उठून मोरीकडे गेले, आणि त्यांना झालेली ओकारी बाहेर ऐकू आली. येऊन बसल्यावर त्यांनी डोळे पुसले. "माफ कर," म्हणाले. नवऱ्याच्या तोंडून हा शब्द वहिनींनी पहिल्यांदाच ऐकला होता. त्यांनी वाटी उचलली. पुन्हा अंडी आणली नाहीत.

मग भाजीचं पाणी काढणं सुरू झालं. वहिनींनी ते कामासारखं अंगावर घेतलं. सकाळी उठून भेंडी, फ्लॉवर, गाजर चिरायचं, मोठ्या पातेल्यात भिजवायचं, उकळायचं, चाळणीवर ओतायचं. ओतताना पाण्याबरोबर भाजीचा रंग आणि वास जायचा. गाजराचं पाणी तर इतकं सुंदर केशरी दिसायचं की मोरीत ओतताना वहिनींचा हात थांबायचा. आयुष्यभर त्यांनी लेकीबाळींना एकच गोष्ट शिकवली होती, भाजीचं पाणी कधी फेकू नये. आता चाळणीत उरलेला तो लगदा कढईत घालून त्या त्याला पुन्हा भाजी करायला बसायच्या. जिरं जरा जास्त भाजून बघितलं. हिंग, आलं, कढीपत्ता, सगळं करून बघितलं. लिंबू थोडं पिळून बघितलं. कधी तरी जवळपास काही तरी जमायचं, पण जीभ वाट बघत राहायची, आणि मीठ यायचंच नाही.

सुरुवातीला ड्रायव्हर थट्टा करायचे. "आज काय, धुतलेला रुमाल?" "नाही, उशीची खोळ," वहिनी म्हणायच्या. दोघं हसायचे. स्वतःसाठी वेगळं करायचं नाही असं वहिनींनी ठरवलं होतं, त्याही तेच खायच्या. ठमीला त्या म्हणाल्या, "तू दुकानाजवळच्या कँटीनमध्ये खाऊन ये." शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला की ड्रायव्हर उठून खिडकी लावायचे. पुढे थट्टाही थांबली. ताट यायचं, जायचं.

किडनी द्यायला वहिनी पुढे झाल्या. रक्तगट जुळला नाही. ठमी पुढे झाली तर ड्रायव्हर असे भडकले की मशीनवरच्या नर्सला धावत यावं लागलं. "पोरीला फाडून मी जगू? अजून लग्न व्हायचंय तिचं. विषय काढलात तर मी इथे येणंच बंद करीन." विषय पुन्हा निघाला नाही. परक्या कुणाची मिळायची तर रांग होती, आणि रांगेत त्यांच्या पुढे खूप माणसं होती.

ड्रायव्हरांची धाकटी बहीण मधून मधून यायची. वहिनी तिला रीतीप्रमाणे वन्सं म्हणायच्या. मनाने चांगली बाई, पण सल्ल्याची सढळ. "वहिनी, तुम्ही दादाला उपाशी मारताय," ती दारातूनच सुरू करायची. "डॉक्टर काय, पुस्तकात बघून सांगतात. थोडं खाल्लं तर काय आभाळ कोसळतंय?" एकदा वहिनी बाजारात गेलेल्या असताना वन्संनी पिशवीभर मोसंबी आणून रस काढला आणि दादाला तांब्याभर पाजला. आजारी माणसाला रस देतात, एवढंच त्या बिचारीला ठाऊक होतं. संध्याकाळी ड्रायव्हरांना पलंगावरून उठता येईना. पायात जीवच नाही, म्हणाले. छातीत काही तरी अडखळतंय, म्हणाले. हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्यांचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी वाचवलं, पण बाहेर येऊन विचारलं, "काय दिलंत?" वन्सं बाकावर बसून तोंडात पदर कोंबून रडत होत्या. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मोसंबीचा रस दिला," त्या म्हणाल्या. "मीच दिला." एवढं त्यांनी नणंदेसाठी केलं.

पण त्या दिवसापासून वहिनी बदलल्या. घरात एकही फळ राहिलं नाही. लोणच्याच्या बरण्या शेजारी गेल्या. पाण्याचा माठ गेला, त्याजागी मोजलेली बाटली आली. "जेलर झालीयेस तू," ड्रायव्हर म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "जेलर तर जेलर. कैदी जिवंत राहिला म्हणजे झालं."

आणि एका दुपारी हे घडलं. वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आल्या, तर स्वयंपाकघरात ड्रायव्हर ओट्याशी पाठमोरे उभे. लुंगी ढिली झालेली, मान वाकलेली. मिठाची बरणी उघडी होती. त्यांनी डाव्या तळहातावर मीठ घेतलं होतं आणि ते जिभेने चाटत होते. थोडं चाटायचे, थांबायचे, परत चाटायचे. चोरून साखर खाणाऱ्या पोरासारखं.

वहिनींनी बरणी हिसकावली. मीठ ओट्यावर, फरशीवर, ड्रायव्हरांच्या पायांवर सांडलं. "लाज नाही वाटत?" त्या ओरडल्या. "इथे मी सकाळपासून भाज्या धुऊन मरते, स्वतः अळणी खाते, पोर घरात जेवत नाही, आणि तुम्ही चोरासारखे! जिभेचे चोचले सुटत नाहीत मरायला टेकलात तरी?"

शेवटचं वाक्य तोंडातून निघून गेलं होतं. ड्रायव्हरांनी हात लुंगीला पुसला. काही तरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. हळूहळू भिंतीला धरत पलंगावर जाऊन पडले. वहिनींनी ओलं फडकं घेऊन मीठ पुसलं. त्या दिवसापासून मीठ कपाटात, कुलपात.

त्यानंतर ड्रायव्हर वहिनींशी कामापुरतंच बोलायला लागले. ताटातलं संपवायचे मात्र. एक शीत उरायचं नाही. वहिनींना वाटायचं, चला, वठणीवर आले.

पावसाळा गेला, थंडी आली. हातावरची नस, ज्यातून मशीन लावायचे, ती बंद पडली. ऑपरेशन करून दुसऱ्या हातावर केली, तीही नीट चालेना. ड्रायव्हरांचं अंग उतरत गेलं, इतकं की शर्ट हँगरवर अडकवल्यासारखा दिसायचा. एका सकाळी त्यांना आत नेल्यावर मोठे डॉक्टर वहिनींना व्हरांड्यात बाजूला घेऊन गेले. भला माणूस. खिशातल्या पेनशी चाळा करत म्हणाले, "आई, आता फार पथ्य करू नका. त्यांना काय आवडतं ते करून घाला."

डॉक्टर हे वाक्य कधी बोलतात, ते सांगायला कुणी लागत नाही. वहिनींनी मान हलवली. "बरं," म्हणाल्या. वाटेत त्यांनी टोमॅटो घेतले, बटाटे घेतले, पालकाची जुडी घेतली, कोथिंबीर घेतली. भाजीवाला म्हणाला, "वहिनी, बऱ्याच दिवसांनी! पाहुणे येणार वाटतं?" "हो," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मशीनची पाळी नव्हती. वहिनी पदर खोचून उभ्या राहिल्या. कपाटाचं कुलूप काढलं. तूर शिजत घातली. बटाटे सोलून पातळ कापले, आणि कापलेले तसेच कढईत टाकले, न भिजवता, न उकळता. तेलात मोहरी तडतडली तेव्हा घरातली हवाच बदलली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात भराभर चालत होते. इतक्या महिन्यांनी हातांना काम सापडलं होतं. पालकाची ताकातली भाजी, टोमॅटोचं सार, लसणाची फोडणी दिलेलं वरण, भात, घडीच्या पोळ्या, वर साजूक तूप.

अडलं ते मिठाशी. वहिनींनी कधी चमचा वापरला नव्हता. चिमटीत येईल ते मीठ. पण चिमूट घातली, चव घेतली, तर जीभ भाजल्यासारखी झाली. अळणी खाऊन खाऊन त्यांची स्वतःची जीभ मिठाला परकी झाली होती. जरा घातलं तरी खारट लागायचं. शेवटी त्यांनी वाटीत वरण घेतलं आणि शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या दारात गेल्या. "मीठ बघ गं जरा."

तिने मशीन थांबवलं, चव घेतली. "कमी आहे. अजून बरंच लागेल."

"नक्की?"

"वहिनी, तुम्ही मला विचारताय मीठ?" ती हसली. मग वहिनींच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू मावळलं. "नक्की," ती म्हणाली.

ठमीने त्या दिवशी दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेतली होती. तिने आणि वहिनींनी मिळून ड्रायव्हरांना उठवलं, पाठीला उशा लावल्या, पलंगावरच पाट ठेवून ताट मांडलं. ड्रायव्हरांनी ताटाकडे बघितलं. मग वहिनींकडे बघितलं. ते बसचालक होते, खुळे नव्हते.

"डॉक्टर बोलले वाटतं," ते म्हणाले.

"गरम आहे तोवर खा."

त्यांनी वरणभात कालवला. घास घेतला. बराच वेळ चावत राहिले. बटाट्याचा एक काप घेतला. सार प्यायले. वहिनी समोर बसल्या होत्या, हात मांडीवर, परीक्षेला बसल्यासारख्या.

"कसं झालंय?"

ड्रायव्हरांनी आणखी एक घास कालवला.

"अहो, मीठ जास्त झालंय का? माझी जीभ बिघडलीये, मला कळत नाही."

"मीठ घातलंयस?" त्यांनी विचारलं.

"घातलंय म्हणजे! भरपूर घातलंय."

ड्रायव्हरांनी घास ताटात परत ठेवला. "खरं सांगू? सगळं लोखंडासारखं लागतं गं. खिळा चोखल्यासारखं. आत्ताचं नाही, बरेच महिने झाले. वरण काय, पाणी काय. मला वाटलं, अळणी आहे म्हणून तसं लागत असेल. म्हणून त्या दिवशी मी मीठ घेऊन बघितलं. निदान ते तरी लागतंय का." तळहाताकडे बघत म्हणाले, "नाही लागलं."

वहिनी पुढे सरकल्या. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू सकाळपासून उभी असायचीस. जे करायचीस ते संपवणं तेवढं माझ्या हातात होतं."

ठमी उठून गॅलरीत गेली. वहिनी तिथेच बसून राहिल्या. त्या दिवशी ओरडलेलं ते वाक्य त्यांना शब्द न् शब्द आठवलं. परत घ्यावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण ते कसं परत घ्यायचं ते त्यांना कुठून माहीत असणार? आजवर असलं काही चुकलं की त्या ताट वाढायच्या. आणि ताट तर समोरच होतं.

"वासही येत नाही का?" एवढंच त्यांनी विचारलं.

"येतो थोडा," ड्रायव्हर म्हणाले. ते खोटं असावं. त्यांनी घास पुन्हा उचलला आणि खाल्ला, मग आणखी एक. तिसऱ्याला वहिनींनी त्यांचा हात धरला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "आता राहू दे."

उरलेलं सगळं ठमी जेवली. आधी नको म्हणत होती, मग भूक लागली म्हणून बसली, आणि बसल्यावर थांबता येईना तिला. पोळीमागून पोळी, पुन्हा भात, पुन्हा सार. घरचं जेवण तिला किती दिवसांनी मिळत होतं! वहिनी वाढत होत्या आणि मनातून त्यांना त्या पोरीचा राग येत होता. कशाचा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "अजून घे," त्या म्हणत होत्या.

ड्रायव्हर त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. मशीनच्या खुर्चीतच गेले. नर्सला वाटलं, डोळा लागलाय. वहिनी बाहेर बाकावर होत्या. नर्स दारात येऊन उभी राहिली तेव्हा त्या समजल्या आणि उठायचं सोडून पायातली चप्पल नीट करत राहिल्या.

पहिले काही दिवस वन्संनी येऊन स्वयंपाक केला. त्या घरात त्यांनी कधी पळीला हात लावला नव्हता. भात चिकट व्हायचा, पोळ्या कडक. वहिनी समोर येईल ते खायच्या, नावं ठेवायच्या नाहीत. वन्संना तेच जास्त लागायचं. "वहिनी, काही तरी बोला हो. खारट झालंय म्हणा, कच्चं म्हणा. दादाला रस मी पाजला, ते तरी म्हणा." वहिनी म्हणायच्या, "बरं झालंय की," आणि पाणी प्यायच्या. मग वन्संचं येणं कमी झालं.

ठमी एकदा म्हणाली, "आई, तू करशील का काही? मला काही पण चालेल."

"बघू," वहिनी म्हणाल्या. करायच्याही कधी कधी. पण मीठ किती ते त्यांना कळत नव्हतं आणि विचारायला आता त्या शेजारी जात नव्हत्या. ठमी ताटात वरून मीठ घेते का, हेही त्या बघत नव्हत्या. हळूहळू ठमी पुन्हा कँटीनमध्ये जेवायला लागली.

सकाळी मात्र वहिनी पिशवी घेऊन भाजीच्या गाडीवर जातात. भेंडीचं टोक मोडून बघतात. पालकाची जुडी उचलतात, पाणी झटकतात, नाकाशी नेतात. भाजीवाला दुसऱ्या गिऱ्हाईकांचं वजन करता करता विचारतो, "काय देऊ, वहिनी?" त्या जुडी परत जागेवर ठेवतात. "राहू दे," म्हणतात, आणि रिकामी पिशवी घडी करून काखेत मारून जिना चढायला लागतात.